पाटी कोरी होती, ताई

"म्हणजे ते मॉलमधलंच ना, बर्फाचं?" जोगळेकर काकूंनी आईच्या कानाशी वाकून विचारलं. "तिथं शिकवायला होती का ती?"

तुझ्याच हॉलमध्ये, तुझ्याच फोटोसमोर. मी चहाच्या कागदी कपांचा ट्रे घेऊन दोघींच्या मध्ये उभी होते. आई म्हणाली, "नाही हो, ते वेगळं. लांब पल्ल्याचं असतं ते. गार्गीला विचारा, तिला सगळं माहितीये." मग दोघींनी माझ्याकडे बघितलं.

फोटोत तुझ्या पापण्यांवर बर्फाचे कण आहेत, छातीवर चौदा नंबरचं कापड आहे आणि तोंड उघडं आहे, कारण तू श्वास घेतेयस. समीरदादाने तोच निवडला. साडीतले फोटो त्याने बाजूला ठेवले. म्हणाला, "त्यात ती कुणाची तरी बायको दिसते." काकूंना सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. मॉलमध्ये लोक स्की बांधून उतारावरून घसरत खाली येतात. तू सपाटीवरून आणि चढावरून, स्वतःच्या हातापायांच्या जोरावर, दहा-दहा किलोमीटर जायचीस. तू देशाच्या संघातून परदेशात शर्यती केल्यास. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "साखर कमी आहे, चालेल ना?" आणि ट्रे पुढे केला.

पुन्हा गप्प राहिले मी, ताई. या "पुन्हा"बद्दलच लिहायचं आहे.

समीरदादाने मंडळाच्या अंकासाठी पानभर लिहून मागितलं आहे. "वृषालीचं करिअर लिही. पदकं, वर्षं, स्पर्धा, सगळं फाइलमध्ये आहे." फाइल माझ्या टेबलावर आहे. ती कुणीही बघून लिहू शकेल. मी फाइलमध्ये नसलेलं लिहितेय, आणि दादाला नाही, तुला लिहितेय. माझं मराठी तूच सरळ केलंस. पहिल्या वर्षी मी तुला मेसेज केला होता, "मी तुला मदत करू शकते का तुझ्या चाकांसोबत?" त्यावर तुझं उत्तर आलं, "चाकांसोबत नको, माझ्यासोबत ये. आणि मराठीत लिहायचं तर मराठीत विचार कर." प्रयत्न करतेय.

मी एकोणीस वर्षांची होते. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये तुमच्या आणि आमच्या बिल्डिंगच्या मधल्या पार्किंगमधून रोज पहाटे एक आवाज यायचा. चाकांची घरघर, आणि मध्येमध्ये डांबरावर काठ्या टेकल्याची टकटक. बाल्कनीतून बघितलं तर हेल्मेट घातलेली एक बाई पायांना लांब पट्ट्या बांधून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन गाड्यांमधून गोल फिरत होती. प्रत्येक पट्टीला पुढे एक चाक, मागे एक चाक. मी फेऱ्या मोजायला लागले. मला मोजायला आवडतं; मोजताना कुणाशी बोलावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी तू बरोबर बाल्कनीखाली थांबलीस आणि वर बघून ओरडलीस, "कितवी झाली?"

मी दहा बोटं दाखवली, मग एक.

"तोंड नाही का तुला?" तू हसत विचारलंस. "खाली ये."

खाली आले. नाव सांगितलं. तुला इतकं हसू आलं की काठीवर रेलून उभी राहिलीस. "गार्गी! भर सभेत ऋषींना प्रश्न विचारणारी गार्गी! आणि ही बोटं दाखवतेय!" तेव्हापासून मी गार्गे झाले.

तुझं करिअर मला तुझ्या स्वयंपाकघरात समजलं, तुकड्यातुकड्यांनी, मेणाच्या वासात. हिवाळ्यात काश्मीरला जायच्या आधी तू ओट्यावर स्की उलट्या ठेवून त्यांच्यावर कपड्यांच्या इस्त्रीने मेण पसरायचीस. घरगुती इस्त्री, तीच. दादाच्या ऑफिसच्या शर्टावर एकदा मेणाचा डाग आला तेव्हा तो म्हणाला, "मीटिंगमध्ये घसरलो तर तुझं नाव सांगेन." वडील फौजेत, म्हणून तू नऊ वर्षांची असताना साताऱ्याजवळच्या गावातून थेट बर्फाच्या गावात पोहोचलीस. "आमच्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालायचा. तिथं छपरावर पडलेला." दुसऱ्या कुणाचे तरी बूट, तीन नंबर मोठे, त्यांत मोजे कोंबलेले. पहिल्या शर्यतीत एक बूट स्कीसकट मागे राहिला आणि तू एका स्कीवर शर्यत पूर्ण केलीस. मग राज्याचा संघ, मग देशाचा. पदकांबद्दल तू एका वाक्यात सांगायचीस, परदेशातल्या त्या मोठ्या शर्यतीबद्दल मात्र तासभर. त्यात तू शेवटून नववी आलीस.

"माझ्यामागे आठ जणी होत्या, गार्गे! आठ! त्यातल्या दोघी बर्फाच्या देशातल्या!"

मी विचारलं होतं, एवढ्या मागे येऊन इतका आनंद कसा होतो? तू इस्त्री बाजूला ठेवलीस. "पुढे कोण आहे हे बघायला टीव्ही असतो. मागे कोण आहे हे फक्त आपल्याला माहीत असतं." त्यावर आपलं भांडण झालं होतं. मी म्हणाले, हे स्वतःला समजावणं आहे. तू म्हणालीस, समजावलं नाही तर पहाटे साडेचारला उठवेल कोण? ते भांडण मिटलंच नाही. आजही मला वाटतं तू थोडं खोटं बोलत होतीस. तुला पुढे जायचं होतं.

समीरदादाशी लग्न झालं, दुबईला आलीस, शाळेत पीटीची टीचर झालीस. सगळ्यांना वाटलं आता झालं, खलास. तू रोलरस्की मागवल्यास, त्याच चाकांच्या पट्ट्या. वाळवंटात बर्फावरची शर्यत शिकणारी बाई म्हणून सायकल ट्रॅकवरचे लोक तुझे फोटो काढायचे. चढ कुठेच नाही म्हणून तू एका पाच मजली पार्किंगच्या रॅम्पवर सराव करायचीस. तिथला नेपाळी गार्ड पहिल्या दिवशी शिट्टी वाजवत मागे धावला होता. महिन्याभरात तोच वरच्या मजल्यावर उभा राहून ओरडायला लागला, "मॅडम, घुटना! घुटना मोडो!" दर हिवाळ्यात सुट्टी घेऊन तू काश्मीरला जायचीस, स्पर्धा करून यायचीस, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मुलींना लंगडी शिकवायचीस.

रोलरस्कीला ब्रेक नसतो. हा तू मला दिलेला पहिला धडा. थांबायचं असेल तर बाजूच्या वाळूत शिर आणि पड.

दुसरा धडा आकड्यांचा होता. तुमच्या शर्यतीत सगळ्या एकदम सुटत नाहीत. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने एकेक जण सुटते. त्यामुळे बाजूला कोणी नसतं, आपण पुढे आहोत की मागे हे धावणारीला कळतच नाही. वाटेत उभ्या असलेल्या आपल्या माणसाने ते ओरडून सांगायचं असतं. ते माणूस म्हणून तू मला निवडलंस. दुबईत घड्याळ नीट बघणारं आणि बडबड न करणारं दुसरं कोणी मिळालं नसेल.

ओरडणं मला जमलं नाही. आठवतं? कुद्राच्या सायकल ट्रॅकवर पहिल्याच दिवशी तू समोरून आलीस आणि मी आकडा पुटपुटले. सायकलवाल्यांचा एक घोळका मध्ये आला, "ऑन युअर राइट!" म्हणून गेला, आणि तू "काय?" म्हणत पुढे गेलीस. पुढच्या शनिवारी मी शाळकरी मुलांची छोटी पांढरी पाटी आणि काळा मार्कर घेऊन आले. तू कमरेवर हात ठेवून बघितलंस. "बरं. तात्पुरतं." मग आपण खुणा ठरवल्या. आकड्याच्या आधी वजाची रेघ असली तर तू तितके सेकंद मागे. अधिकाची खूण असली तर पुढे. आणि पाटी कोरी असली तर तू एवढी पुढे आहेस की आता फक्त पडायचं नाही, सांभाळून जायचं. ती तिसरी खूण मीच सुचवली होती.

तात्पुरतं दोन वर्षं चाललं.

त्या हिवाळ्यात तू मला काश्मीरला बरोबर नेलंस. तू छत्तीस वर्षांची होतीस. पहिल्या चौघी संघात जाणार होत्या आणि तुला माहीत होतं की ही शेवटची संधी आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा खरा बर्फ बघितला. तू मला शेवटच्या चढाच्या पायथ्याशी उभं केलंस. माझ्या शंभर पावलं आधी बर्फात एक लाल काठी रोवलेली होती. चौथ्या जागेसाठी तुझी स्पर्धा एका पहाडी मुलीशी होती, नंबर अकरा. ती तुझ्या दीड मिनिट आधी सुटणार होती. काम सोपं होतं. अकरा नंबर काठीजवळून गेली की घड्याळ सुरू. तू काठीजवळ आलीस की घड्याळ बघायचं, दीड मिनिट वजा करायचं, आकडा लिहायचा. काठीपासून माझ्यापर्यंत यायला तुला वीसेक सेकंद लागणार होते. पाटी दाखवायची, बस. पुढे चढ, चढानंतर वळणाचा तीव्र उतार, मग शेवट. त्या उतारावर तू एकदा पडून खांदा निखळवून घेतला होतास. "पुढे असेन तर तिथं ब्रेक लावीन," तू म्हणाली होतीस. "मागे असेन तर नाही लावणार. म्हणून मला आकडा हवाय." बर्फावर ब्रेक लावता येतो. स्कींची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची.

अकरा नंबर गेली. घड्याळ सुरू केलं. तू काठीजवळ दिसलीस. शहाण्णव सेकंद. सहा मागे.

मी हातमोजा दातांनी काढला, मार्कर उघडला, पाटीवर टेकवला. काही उमटलं नाही. झटकला. घासला. फुंकर मारली. पाटी पांढरीच. माझ्या आजूबाजूला फौजेची पोरं उभी होती, प्रत्येक जण आपापल्या खेळाडूसाठी गळा फाडत होता, "खींच! खींच! शाबाश!" आणि तू येत होतीस. तोंड उघडं, पापण्यांवर बर्फ, नजर माझ्या हातांवर.

पाटी माझ्या छातीशी होती. तू बघितलीस. कोरी.

तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट आठवतं. तू हसलीस. अगदी थोडंसं, एका बाजूने. आणि माझ्यापासून हातभर अंतरावरून गेलीस.

तू पाचवी आलीस, दोन सेकंदांनी.

निकालाचा कागद बघून तू माझ्याकडे चालत आलीस. रागावली नव्हतीस. गोंधळली होतीस. "पाटी कोरी होती, गार्गे."

"मार्कर गोठला," मी म्हणाले.

तू माझ्या हातातून मार्कर घेतलास. आपल्या तळव्यावर ओढून बघितलास. रेघ उठली नाही. मग तू बर्फात बसलीस आणि हसायला लागलीस, हसता हसता डोळे पुसायला लागलीस. "दुबईची पोरगी! अगं, बर्फात पेन्सिल आणतात! बघ तिकडे, सगळ्यांकडे पेन्सिलीच आहेत!" खरंच होतं. घड्याळवाल्या पंचांच्या कानांवर, फौजेच्या पोरांच्या टोप्यांत, सगळीकडे पेन्सिली. शाई थंडीत गोठते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी तीस डिग्रीत वाढले. आमच्याकडे शाई फक्त वाळते. परतीच्या विमानात तू शेजारच्या माणसालाही ही गोष्ट सांगितलीस. दुबईत पोहोचल्यावर दादाला, माझ्या आईला, तुझी चाकं दुरुस्त करणाऱ्या गॅरेजवाल्या अब्बांना, त्यांच्या सफाला. ती सगळ्यांची आवडती गोष्ट झाली. मार्कर गोठला आणि वृषालीचा संघ हुकला. मीही हसायचे.

गोष्ट खरी आहे, ताई. पण पूर्ण नाही. मार्कर गोठला होता, गळा गोठला नव्हता. आकडा माझ्या जिभेवर होता. वीस सेकंद होता. तू हातभरावरून गेलीस. ओरडायचीही गरज नव्हती, बोललं असतं तरी ऐकू गेलं असतं. "सहा मागे." दोन शब्द. त्या सगळ्या मोठ्या आवाजाच्या माणसांमध्ये माझा आवाज कसा निघेल, तो चिरका निघेल का, ते माझ्याकडे बघतील का, असा विचार मी करत होते. तेवढ्यात तू गेलीस, आणि उतारावर ब्रेक लावलास.

तुझ्या करिअरचा शेवट मार्करने केला नाही, मी केला. हे तुझ्या फाइलमध्ये नाही.

त्यानंतर तू शर्यत केली नाहीस. "आता सफाला बघू," म्हणालीस. सफा तेव्हा चौदाची होती, रत्नागिरीकडच्या कुटुंबातली, जन्म इथलाच. शारजाच्या औद्योगिक भागात तिच्या अब्बांचं गॅरेज आहे. तू चाकं दुरुस्तीला नेलीस आणि त्यांची मुलगी उचलून आणलीस. अब्बा चाक फिरवून, कानाशी धरून सांगायचे, "बाई, बेअरिंग खलास. वाळू गेली हाय आत. गाडी असती तर मी म्हटलं असतं, विकून टाका." आणि मग फुकट बदलून द्यायचे. सफा बोलते भरपूर, पण इंग्रजीत. तू मराठीत ओरडायचीस, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं भांडण मला सुंदर वाटायचं.

काश्मीरहून आल्यावर पुढच्या शनिवारी मी ट्रॅकवर पाटी शोधली. तुझ्या गाडीच्या डिकीत नव्हती.

"फेकली," तू म्हणालीस. "आता तोंडाने."

मी म्हणाले, ॲप आहेत आता, घड्याळात सगळं दिसतं, मनगटाला कंप येतो. तू म्हणालीस, "घड्याळाला काय माहीत मी कुठे हार मानते?" मी म्हणाले, मलाही माहीत नाही. "तुला माहीत आहे. तू बाल्कनीतून मोजलंयस." त्या दिवसापासून तू नियम केलास. दर फेरीला माझ्यासमोर वेग कमी करून विचारायचीस, "किती?" मी सांगायचे. तू म्हणायचीस, "ऐकू नाही आलं," आणि आणखी एक फेरी मारायचीस. तुला ऐकू यायचं, मला माहीत होतं. मला वाटायचं तू माझी चेष्टा करतेस. एकदा मी चिडले. म्हणाले, सगळ्यांनी ओरडायलाच हवं असं कुठे लिहिलंय? ऑफिसमध्ये मी मीटिंगला म्यूटवर असते, चॅटमध्ये टाइप करते, आणि माझं काम कुणापेक्षा कमी नाही. काही माणसं हळू असतात. तू काठ्या वाळूत रोवल्यास. "हळू असू दे. पण मी समोरून जाताना तरी माझं ऐकू येऊ दे." मी गाडीत जाऊन बसले.  परत येताना करामा भागात तू गाडी थांबवलीस, दोन वडापाव आणलेस आणि एक माझ्या मांडीवर ठेवलास. भांडण तिथेच राहिलं.

आता मी विचार करते, तुला माहीत होतं का? आकडा माझ्या जिभेवर होता हे तुला त्या दिवशीच दिसलं होतं का, आणि तू मार्करची गोष्ट सगळ्यांना सांगत सुटलीस ती माझ्यासाठी? की तुला खरंच काही माहीत नव्हतं आणि मी उगाच तुझ्या हसण्यातून अर्थ काढतेय? दोन्ही शक्य आहे. कळायचा मार्ग आता नाही.

मार्ग होता. आजारपणाचे सहा महिने होते. मी दुपारी ऑफिसमधून लवकर निघून यायचे. तू वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जायचीस आणि मी घड्याळ लावायचे. खिडकीत पोहोचून, धापा टाकत, तू विचारायचीस, "किती?"

"एकेचाळीस."

"ऐकू नाही आलं."

"एकेचाळीस!"

"कालपेक्षा?"

"तीन मागे."

तू कधी मला खोटा आकडा सांगू दिला नाहीस. एकदा मी दोन सेकंद कमी सांगितले, तर तू वळून बघितलंस. "गार्गे, माझं घड्याळ आत चालू असतं. बरोबर सांग, नाही तर सांगूच नको." पुढे पुढे आकडे वाढत गेले. सत्तर. शंभर. मी खरे सांगत गेले. तेवढं मात्र मी केलं.

एका दुपारी दादा फार्मसीत गेला होता. मी ठरवून आले होते. टॅक्सीत वाक्य तयार केलं होतं, मराठीत. म्हणाले, "ताई, त्या दिवशी मार्कर..."

"गोठला होता," तू डोळे मिटूनच म्हणालीस. "मी बघितलाय ना तळव्यावर ओढून." हात पुढे केलास, तळवा वर. मी त्यावर बोट ठेवलं. तू ते धरून झोपलीस. मी तासभर हललेसुद्धा नाही, आणि मनातल्या मनात हायसं वाटलं की सांगावं लागलं नाही. त्या हायसं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पण त्या तासाबद्दल मी तुझी ऋणीही आहे. तुझा हात गरम होता. काठ्या धरून पडलेले घट्टे अजून तसेच होते.

या शनिवारी दादाने सगळ्यांना ट्रॅकवर बोलावलं. भजन नाही, भाषण नाही. म्हणाला, "सफाला तिने एक काम देऊन ठेवलंय, ते बघायला या." ते काम मला माहीत होतं. चार फेऱ्या, तुझ्या सगळ्यात चांगल्या वेळेशी शर्यत. तुझ्या प्रत्येक फेरीच्या वेळा तू सफाच्या पाण्याच्या बाटलीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवल्या आहेस. पेन्सिलीने.

उजाडत होतं. जोगळेकर काकू आल्या होत्या, डोक्याला स्कार्फ बांधून. आई होती. सफाचे अब्बा चाकं पुन्हा पुन्हा कानाशी लावून बघत होते. काकूंनी सफाच्या पायांतल्या पट्ट्या बघितल्या आणि घाबरून म्हणाल्या, "अगं बाई, ब्रेक कुठाय?"

"नसतो काकू," मी म्हणाले. "आणि ताई मॉलमध्ये शिकवत नव्हती. तिनं या ट्रॅकवर सराव करून देशातल्या सगळ्यांत पाचवा नंबर काढला होता." काकूंनी माझा हात दाबला. "मग मला तेव्हा का नाही गं सांगितलंस?" त्या सहज म्हणाल्या. मी घड्याळ शून्यावर आणलं.

सफा निघाली. पहिली फेरी बरोबरीत. मी पार्किंगच्या पुढे शंभर पावलांवर उभी होते, हातात सफाची बाटली आणि घड्याळ. जिथून वेळ घ्यायची तिथे दादाने तुझी एक काठी वाळूत रोवली होती. दुसऱ्या फेरीला वारा समोरून यायला लागला. सफा काठीपाशी आली तेव्हा पाच सेकंद मागे होती. ती माझ्यासमोरून गेली, मी म्हणाले, "पाच मागे," आणि माझं मलाच ऐकू आलं नाही. तिने मान वळवली. "What? दीदी, what?" आणि गेली.

तिसऱ्या फेरीत ती दूर वळणावर दिसली तेव्हाच मला कळलं. खांदे वर आले होते. काठ्या टेकत होत्या, पण ढकलत नव्हत्या. तू म्हणायचीस ती जागा हीच, हार मानायची. मला माहीत होती, तू म्हणाली होतीस तशी. ती काठीजवळून गेली. घड्याळ बघितलं, बाटली बघितली. नऊ. वीस सेकंद होते. मागे माणसं गप्प उभी होती, दादा, आई, काकू, अब्बा, आणि सगळी माझ्याकडे बघत होती. हातात पाटी नव्हती. सफा आली, तोंड उघडं, नजर माझ्या रिकाम्या हातांवर.

आवाज चिरकाच निघाला, ताई. पण निघाला.

"नऊ मागे! नऊच! ब्रेक लावू नकोस, ताई, ब्रेक लावू नकोस!"